बोटीचं इलेक्ट्रॉनिक कंट्रोल घेऊन हर्णैहून पुण्याला

पुण्याला समुद्र नाही, पण डिझेल इंजिन कळणारी माणसं तिथे जितकी आहेत तितकी आमच्या कोकणच्या किनाऱ्यावर, हर्णैला नाहीत. खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून, कोथरूडला कमिन्स १९६२ पासून. भोसरी एमआयडीसीत जनरेटरचे गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारे), सिग्नल मिळाला की दांडे हलवणारे अ‍ॅक्च्युएटर आणि कंट्रोल कार्डं दुरुस्त करणारी छोटी वर्कशॉप आहेत, आणि बोटीचं इलेक्ट्रॉनिक कंट्रोल त्याच कुळातलं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोट वर ओढलेली असते. तेवढ्यात मी आणि आमचे तांडेल (बोटीचे कप्तान), म्हणजे माझे चुलते, सामान घेऊन निघालो.

दुखणं असं होतं. आमच्या बोटीला दोन इंजिनं आहेत. केबिनमधल्या लिव्हरपासून इंजिनापर्यंत सलग केबल नाही. लिव्हरखालचा सेन्सर सिग्नल देतो, प्रोसेसर तो वाचतो आणि अ‍ॅक्च्युएटरकडून थ्रॉटल व गिअर ओढून घेतो. डिझेल वाचवायला आम्ही एका इंजिनावर परत येतो आणि जेटी जवळ आली की दुसरं चालू करतो. नेमका तेव्हाच, स्टार्टर फिरला की पॅनेलचा दिवा विझायचा, अलार्म वाजायचा आणि लिव्हर मेल्यासारखा व्हायचा. न्यूट्रलला आणून बटण दाबलं की पुन्हा ताबा मिळायचा. पण हर्णैला बोटी एकमेकींना खेटून उभ्या असतात, तिथे ते काही सेकंद फार महाग पडतात. किनाऱ्यावर एकाने निदान केलं होतं की प्रोसेसर गेला, नवा घ्या.

काका म्हणाले, "नुसता डबा नेऊ नको. तार, लिव्हर, सगळं काढ." पुढे जाणाऱ्यांना माझंही हेच सांगणं आहे. लिव्हरचं हेड, प्रोसेसर, अ‍ॅक्च्युएटर, मधला सगळा हार्नेस (तारांचा जुडगा), आणि बॅटरीपासून येणारी वायर ब्रेकरसकट न्या. सोडवण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढा आणि दोन्ही टोकांना एकच नंबर लिहिलेली चिकटपट्टी लावा. सेटिंगचे आकडे डिस्प्लेवर दिसत असतील तर तेही वहीत उतरवून घ्या. सामान झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात भरा, कारण पावसात ताम्हिणी घाटात गाडीची काच खाली केली तरी आतलं सगळं ओलं होतं.

आम्ही दापोली, मंडणगड, माणगाव, ताम्हिणी, पौड असे चांदणी चौकात उतरलो आणि हायवेने वाकडवरून भोसरी गाठली. घाट उजेडी पार करा. धुक्यात दहा फुटांपुढचं दिसत नाही आणि सुट्टीच्या दिवशी धबधब्यांपाशी गाड्या रस्त्यातच लावलेल्या असतात. गुरुवारी मात्र जाऊ नका, त्या दिवशी एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी असते. एसटीने स्वारगेटला उतरलात तर तिथून मेट्रोने नाशिक फाट्यापर्यंत या आणि पुढे रिक्षा करा.

वर्कशॉपमधल्या दादांनी सगळं सामान लांब टेबलावर बोटीत होतं त्याच क्रमाने मांडायला लावलं. आधी प्रोसेसर सरळ पॉवर सप्लायला जोडून त्यांनी व्होल्टेज हळूहळू खाली आणलं. तेरा, बारा, अकरा, दहा, तरी दिवा चालूच. साडेनऊच्या खाली गेल्यावर विझला. मग आमची बोटीतली वायर मध्ये घातली आणि स्टार्टरच्या जागी मोठा लोड दिला. बॅटरीपाशी साडेदहा आणि प्रोसेसरपाशी नऊच्याही आत. दिवा गेला.

"डबा चांगला आहे तुमचा," दादा म्हणाले, "उपाशी राहतोय."

त्यांनी ब्रेकरजवळची लग (वायरच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं कडं) कापून दाखवली. वरून घट्ट, पण आवरण सोललं तर आतलं तांबं बोटभर लांब हिरवं आणि चिमटीत भुगा होणारं. खारं पाणी वायरच्या आत केशवाहिनीसारखं चढत जातं, म्हणून बाहेरून काहीच कळत नाही.

दुसरा दोष मल्टिमीटरने सापडला. दोन इंजिनांचे आमचे दोन्ही प्रोसेसर कॅन बसवर, म्हणजे दोन तारांच्या सामाईक सिग्नल लाइनवर, एकमेकांशी बोलतात. या बसच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून पॉवर बंद ठेवून हाय आणि लो या दोन तारांत मोजलं तर सुमारे ६० यायला हवेत. आमच्याकडे १२० आले, म्हणजे एक टोक तुटलेलं. एका कनेक्टरची पिन गंजून गेली होती. ही तपासणी बोटीवर कोणीही करू शकतो आणि मीटर काही फार महाग नसतो.

वायर आणायला आम्ही मंडई स्टेशनला उतरून तापकीर गल्लीत गेलो. दुकानदाराला टिन्ड वायर, म्हणजे तांब्यावर कथिलाचा मुलामा असलेली, असं स्पष्ट सांगा आणि टोक सोलून बघा, आतले धागे चंदेरी दिसले पाहिजेत. लालसर दिसले तर घेऊ नका. श्रिंक ट्यूबही (गरम केली की जोडावर आवळून बसणारी नळी) आतून गोंद असलेली मागा. साधी मिळते, पण खाऱ्या हवेत ती उपयोगाची नाही. जाडी ठरवताना बॅटरीपासून केबिनपर्यंत जाऊन परत येणारी पूर्ण लांबी धरा. कंट्रोलच्या वायरवर तीन टक्क्यांहून जास्त व्होल्टेज पडू नये, म्हणजे बारा व्होल्टवर साधारण एक तृतीयांश व्होल्ट.

एका गोष्टीत मात्र आपणच त्यांना शिकवावं लागतं. जनरेटरवाल्यांना थ्रॉटल पाठ असतो, पण जनरेटरला मागे जायचं नसतं. आपल्याकडे फुल पुढून मागे टाकलं की कंट्रोलने आधी आरपीएम खाली आणायचे, न्यूट्रलला काही सेकंद थांबायचं आणि मगच गिअर मागे घ्यायचा. हा थांबा कमी झाला तर गिअरबॉक्सच्या क्लच प्लेटी जातात. दादांना हे सांगितल्यावर त्यांनी टेबलावरच अ‍ॅक्च्युएटर जोडून लिव्हर एका टोकाहून दुसऱ्या टोकाला झटक्यात नेला. मी सेकंद मोजले आणि वहीतल्या आकड्याशी ताडून पाहिले. ही चाचणी पाहिल्याशिवाय पैसे देऊन निघू नका. गिअरमध्ये असताना स्टार्टर फिरता कामा नये, हेही तिथेच बघून घ्या.

बोटीवर बसवताना कंट्रोलसाठी स्टार्टरच्या बॅटरीहून वेगळी बॅटरी दिली. पहिली चाचणी जेटीला दोर बांधून केली, एक खलाशी इंजिनरूममध्ये, हात गिअरच्या दांड्यावर. अ‍ॅक्च्युएटरची केबल सोडवून गिअर हाताने कसा टाकायचा, हे प्रत्येक खलाशाला त्याच दिवशी करून दाखवा आणि त्याला लागणारा पाना गिअरबॉक्सशेजारीच बांधून ठेवा.

जायचं तर जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा. जुलैच्या अखेरीस गेलात आणि एखादा पार्ट बाहेरून मागवावा लागला, तर ऑगस्टचे पहिले दिवस बोट उभीच राहील.