फोर्ट वर्थचा रोडिओ आणि आमचा आपटलेला डेमो

खरं सांगायचं तर मला जायचंच नव्हतं. प्रोजेक्टसाठी डॅलसला आलेलो, त्याच आठवड्यात क्लायंटसमोर आमचा डेमो असला आपटला की शनिवारी रूममधून बाहेर पडायची इच्छा नव्हती, पण चुलत भाऊ तिथलाच, तो गाडी घेऊन खाली हजर. "चल रे, बैल बघू, ऑफिस काय पळून जातंय?"

फोर्ट वर्थ स्टॉकयार्ड्सला पोचलो तर विटांच्या रस्त्यावरून लाँगहॉर्न जनावरं चाललेली, एवढाली शिंगं पण चाल एकदम निवांत, आणि दोन्ही बाजूंनी मोबाईल वर धरलेली माणसं, त्यात आम्हीपण. संध्याकाळी रोडिओ, म्हणजे काउबॉय लोकांचे खेळ, बघायला काउटाउन कोलिझियम. १९०८ ची इमारत, आत शेण, माती आणि पॉपकॉर्नचा मिक्स वास.

बुल रायडिंगची मजा आधी दादाने समजावली म्हणून कळली. बैलाच्या छातीभोवती दोरी, ती एकाच हाताने धरायची, दुसरा हात बैलाला किंवा स्वतःलाही लागला की बाद. टिकायचं फक्त ८ सेकंद. आणि १०० मार्कांतले निम्मे मार्क बैलाचे! म्हणजे बैल गरीब निघाला तर टिकूनही फायदा नाही, मग जज दुसऱ्या बैलावर परत चान्स देऊ शकतात. दादा म्हणाला, "तुमचा क्लायंट किती मार्कांचा?" म्हटलं, पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. (बैलाच्या कमरेला तो पट्टा आवळतात ते मला काही पटलं नाही, असो.)

चौथा की पाचवा पोरगा. पिंजऱ्यात बसून दोरीला लावलेली राळ ग्लोव्हने घासत होता, मग मूठ आवळून वरून दुसऱ्या हाताने ठोकली, मान हलवली, गेट उघडलं. तीन सेकंदांत खाली. पण हात दोरीतच अडकला, बैल फिरतोय आणि हा बाजूला फडक्यासारखा लटकतोय. सगळं कोलिझियम उभं. तेवढ्यात दोघं बुलफायटर, स्पेनवाले नाही हां, यांचं कामच रायडरला वाचवायचं, ते बैलाच्या दिशेने पळाले. एक थेट शिंगांसमोर, दुसऱ्याने दोरीचं टोक ओढून हात सोडवला. पोरगा लंगडत उठला आणि आधी हॅट शोधायला लागला.

मी टाळ्या वाजवत होतो खरा, पण डोक्यात गुरुवारचा कॉल. डेमो देत होती आमची पुण्याची ज्युनियर, स्क्रीनवर एरर आला, क्लायंट तापला, आणि आमच्या टीमचे कॅमेरे एकेक करून बंद होत गेले. पहिला माझा.

पार्किंगमध्ये दादा गाडी शोधत होता तेवढ्यात तिला मेसेज टाकला, "सोमवारचा कॉल मी घेतो, त्याआधी एररचे लॉग (सिस्टीमच्या नोंदी) दोघं मिळून बघू". तिकडे रविवारची सकाळ, साडेआठ वगैरे. म्हटलं झोपली असेल. लगेच रिप्लाय आला, "सर, मी लॉगच बघतेय."