ऑपरेशन झालं ना, मग अजून का दुखतं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हळदीकुंकवाला, बँकेत, जिन्यात, दोन वर्षं हाच प्रश्न ऐकतेय: "ऑपरेशन चांगलं झालं म्हणता, मग अजून का दुखतं?"

ऑपरेशन चांगलंच झालं. कंबरेच्या एल-फोर आणि एल-फाइव्ह मणक्यांमधली सरकलेली गादी काढली, दबलेली शीर मोकळी झाली. पायातली कळ दुसऱ्याच दिवशी गेली, कंबर मात्र राहिली. आणि एक गोष्ट मी तुमच्यापासून लपवली. ऑपरेशनच्या आधी चार वर्षं मला नैराश्याच्या गोळ्या चालू होत्या. ह्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

आदल्या रात्री भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. मोठ्या जाऊबाई माझ्या पायाशी बसून मोसंबी सोलत होत्या. बीपी? शुगर? थायरॉइड? दमा? आणखी काही गोळ्या चालू आहेत? जाऊबाईंचा हात थांबला. थांबला नसेलही, मला तसं वाटलं. मी म्हणाले, "नाही." डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "झोपेच्या, मनाच्या, कसल्याही?" त्या उगाच विचारत नव्हत्या. यातल्या काही गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो, काही ट्रामाडोलसारख्या वेदनाशामकाबरोबर चालत नाहीत. हे मला नंतर कळलं. तेव्हा उशाशी पर्स होती, पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली गोळ्यांची पट्टी होती, आणि मी दुसऱ्यांदा म्हणाले, "नाही हो, काही नाही." त्या रात्री गोळी घेतली नाही. पुढेही नाही, कारण घरी सतत कुणी ना कुणी जवळ बसलेलं. ह्यांना सांगितलं, डॉक्टरांनीच बंद केल्यात.

तीन-चार दिवसांनी मान वळवली की डोक्यात करंट गेल्यासारखं व्हायला लागलं. मला वाटलं, शीर कापली गेली. सर्जन म्हणाले, शिरेशी याचा संबंध नाही. संबंध एकदम थांबवलेल्या गोळीशी होता, पण ते त्यांना कळणार कसं? महिन्याभरात नैराश्याचं जुनं सगळं परत आलं. फिजिओथेरपीच्या ताई सांगून जायच्या, थोडं थोडं चालणं वाढवा. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. पडून राहिलं की पाठ आखडायची, उठलं की दुखायचं, दुखेल म्हणून पुन्हा उठायचं नाही. घरच्यांनी त्याला आळस म्हटलं.

"म्हणजे मनाचंच होतं तर!" असं कृपा करून म्हणू नका. वेदनेवर काम करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1979 सालीच व्याख्येत लिहिलंय की वेदना हा शरीराचा आणि भावनेचा मिळून एक अनुभव असतो. मेंदूकडून मणक्यात उतरणारे काही संदेश दुखणं दाबून धरतात, आणि त्यांना लागणारी सेरोटोनिन, नॉरअॅड्रेनलिन ही रसायनं नैराश्याच्या औषधांचीही लक्ष्यं आहेत. मी आता ड्युलोक्सेटिन नावाची गोळी घेते. ती नैराश्यावर देतात आणि जुनाट कंबरदुखीवरही.

त्या रात्रीच्या माझ्याशी मी कितीदा भांडले. सांगितलं असतंस तर गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांनी ठरवलं असतं, वेळेवर चालायला लागली असतीस. ती म्हणते, सांगितलं असतं तर माझी प्रत्येक कळ 'मनाची' ठरली असती. तिला खोटं पाडता येत नाही. सहा महिन्यांनी मी एका डॉक्टरांना खरं सांगितलं, तर त्यांनी पाठीला हातही न लावता फाइल मिटली.

आणि गोळ्या चालू ठेवल्या असत्या तर कंबर दुखायची थांबली असती, याची तरी खात्री कुठे आहे? नैराश्य नसलेल्यांचीही कंबर अशा ऑपरेशननंतर दुखत राहते. आता रोज चाळीस मिनिटं चालते. काही दिवस वीसच होतात.

त्या रात्री मोसंबी सोलताना जाऊबाईंचा हात खरंच थांबला होता का, हे मी अजून त्यांना विचारलेलं नाही.