उणे पाणी

१२ मे, रविवार

आज आईंना घेऊन पळसदेवला जाऊन आले. डोकं उन्हानं ठणकतंय, पण हे लिहून काढल्याशिवाय झोप लागणार नाही.

उजनी धरणाचं पाणी मी गेली आठ वर्षं बघतेय, पण भिगवणच्या बाजूनं. फेब्रुवारीत पहाटे पुण्याहून निघायचं, कुंभारगावात होडीत बसायचं आणि रोहित पक्षी बघायचे. थवा उडाला की पंखांखालचा लालभडक रंग एकदम उघडतो, त्या क्षणासाठी मी थंडीत कुडकुडत बसते. पाणी उतरलेलं असलं तर मला बरंच वाटायचं. रोहित उथळ पाण्यातच चोच उलटी बुडवून खातात, त्यामुळे गाळ वर आला की ते होडीतून जवळ दिसतात.

आईंचं, म्हणजे सासूबाईंचं, माहेर जुनं पळसदेव. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, त्याआधीच गाव उठलं. तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. "आमचं गाव पाण्यात गेलं" हे मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. एकदा मी त्यांना जलाशयावरच्या सूर्योदयाचा फोटो दाखवला होता, मला फार आवडलेला. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हे कुणाचं रान असंल गं?" मला वाटलं, त्यांना फोटो कळला नाही.

यंदा पाणी इतकं खाली गेलंय की पळसनाथाचं देऊळ उघडं पडलंय. दगडी बांधणी, वर विटांचं शिखर, आवारात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव दगड. इतकी वर्षं पाण्यात राहूनही उभं आहे. बघायला गर्दी होती. सगळे वर बघत होते, मीही. आई मात्र खाली बघत चालत होत्या. भेगाळलेला गाळ, पायाखाली शिंपले कुरकुरत होते आणि त्या माझ्या पुढे! एरवी जिना चढताना माझा हात धरतात.

"हितनं वाट होती. हितं चिंच." मला सपाट मातीशिवाय काही दिसेना. मग एका जोत्यापाशी थांबल्या. गाव सोडताना लोकांनी वासे, दारं, पत्रे काढून नेले, दगडांची रांग तेवढी राहिली. "हे न्हाई, पुढलं." पुढच्या जोत्यावर चढल्या, दोन पावलं आत गेल्या, डावीकडे वळल्या आणि बसल्या. "चूल." हातानं गाळ बाजूला सारत राहिल्या. खाली काही नव्हतं. मी कॅमेरा काढला नाही.

दुपारी मामांकडे, म्हणजे आईंच्या भावाकडे, जेवलो. त्यांचा ऊस याच पाण्यावर आहे. पाणी जसं मागे सरकतं तशी मोटार पुढे न्यायची, पाइप जोडत जायचं, चारी खणायची. यंदा पाइपावर किती पैसे गेले ते सांगताना त्यांचा आवाज उतरला. पेपरात 'उजनी उणे' असं येतं त्याचा अर्थही मला त्यांनीच समजावला. धरण ११७ टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट), त्यातला ६३ टीएमसीहून जास्त मृत साठा, म्हणजे तळाचं पाणी. टक्के मोजतात ते त्याच्या वरच्या पाण्याचे. म्हणजे शून्य टक्के म्हटलं तरी निम्म्याहून जास्त पाणी असतं, आणि उणे झालं की आपण त्या मृत साठ्यात हात घातलेला असतो. मी आजवर शून्य म्हणजे कोरडं धरण समजत होते! सोलापूर याच पाण्यावर तहान भागवतं.

"शिखर दिसायला लागलं की माझ्या पोटात गोळा येतो," मामा म्हणाले.

आई समोरच बसल्या होत्या. त्याच शिखराच्या बातमीनं गेले दोन महिने त्या आम्हाला चैन पडू देत नव्हत्या. भावाकडे बघून त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त त्याच्या ताटात अजून एक भाकरी वाढली.

परतीला गाडीत त्यांचा डोळा लागलाय असं मला वाटलं होतं. इंदापूर तालुका मागे पडल्यावर हळूच म्हणाल्या, "पाऊस जरा उशिरा लागला तर अजून एकदा येता येईल, न्हाई का?" मी हो म्हणणार तेवढ्यात त्यांनीच मान हलवली.

"नको. पडू दे वेळेवर. त्याचा ऊस जळंल."