वाहनतळावर दिलेली भूल

दाढ काढायची म्हटली की हिरडीत एक इंजेक्शन, थोडा बधिरपणा आणि काम झाले, असा आपल्यापैकी बहुतेकांचा अनुभव असतो. पण ज्याला दवाखान्याच्या खुर्चीत बसणेच असह्य होते, त्याची दाढ कशी काढायची? अमेरिकेत या प्रश्नावर काम करणारी दंतभूलशास्त्र ही शाखा आहे आणि न्यूयॉर्कमधील एका रुग्णालयात मी तिचे निवासी प्रशिक्षण घेत होते. आपल्याकडे संपूर्ण भूल देणे हे एमडी भूलतज्ज्ञांचे काम असते; तिकडे दंतवैद्यही तीन वर्षांचे पूर्णवेळ प्रशिक्षण घेऊन ते करू शकतो. १८४४ साली नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेणारे होरेस वेल्स आणि १८४६ साली बोस्टनमध्ये ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक करणारे विल्यम मॉर्टन हे दोघेही दंतवैद्य होते, तरी या शाखेला तिथे स्वतंत्र विशेषज्ञतेची मान्यता मिळायला मार्च २०१९ उजाडावा लागला. प्रशिक्षणार्थीने किमान ८०० रुग्णांना गाढ गुंगी किंवा संपूर्ण भूल दिलेली असावी लागते आणि त्यांत विशेष गरजा असलेले किमान ७५ रुग्ण असावे लागतात. मी सांगते आहे तो रुग्ण या दुसऱ्या गटातला.

तो पंचविशीतला, स्वमग्न, जवळजवळ न बोलणारा तरुण होता आणि त्याचे वजन होते ९५ किलो. काही महिन्यांपासून तो स्वतःच्या उजव्या गालावर बुक्के मारून घेत असे. वागणूक बिघडली असे समजून त्याची मानसोपचाराची औषधे वाढवण्यात आली होती. दात दुखत असेल ही शंका प्रथम आईला आली, कारण तो सफरचंद डाव्या बाजूनेच चावू लागला होता. मात्र तोंडात डोकावून पाहणे कोणालाच जमले नव्हते. आधीच्या भेटीत तो रुग्णालयाच्या दारापर्यंत आला आणि तिथूनच परत फिरला. सरबतातून दिलेले मिडाझोलम हे गुंगीचे औषध त्याने थुंकून टाकले. तेव्हा आमच्या अटेंडिंग डॉक्टरांनी, म्हणजे प्रशिक्षणार्थींवर देखरेख करणाऱ्या वरिष्ठांनी, आईवडिलांशी सविस्तर बोलून ठरवले की त्याला आत आणण्याचा आग्रह सोडायचा आणि इंजेक्शन गाडीतच द्यायचे.

हे वाचायला जितके धाडसी वाटते, तितकेच ते करणाऱ्याला अवघड वाटते. नकार देणाऱ्या माणसाला, त्याचे कायदेशीर पालक आईवडील असले तरी, सुई टोचणे ही गोष्ट मनाला पटावी लागते. ती सहज पटू लागली तर आपण हे काम करू नये, असे माझे मत आहे. त्या सकाळी मला आधार वाटत होता तो केवळ तयारीचा. रात्रभर फ्रिजला कुलूप होते आणि वडील स्वयंपाकघराच्या दाराशी झोपले होते, कारण भरल्या पोटी भूल दिली आणि अन्न उलटून फुफ्फुसात गेले तर जिवावर बेतते. वाहनतळाच्या कोपऱ्यात स्ट्रेचर, ऑक्सिजनचा सिलिंडर, हाताने दाबून श्वास देण्याची अंबू बॅग, लाळ ओढून घेणारे सक्शन आणि हातात धरण्याजोगा पल्स ऑक्सिमीटर गाडीतून दिसणार नाही असा मांडून ठेवला होता. सिरिंजमध्ये किलोमागे तीन मिलिग्रॅम या हिशेबाने २८५ मिलिग्रॅम केटामीन हे भुलीचे औषध आणि थोडे मिडाझोलम होते. केटामीनची मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमची तीव्र बाटलीच मुद्दाम वापरली होती, नाहीतर एवढ्या देहाला लागणारे औषध मांडीच्या एका स्नायूत मावले नसते.

वडील त्याच्या शेजारी बसून त्याच्या आवडीचे आगगाड्यांचे चित्रफितीचे तुकडे दाखवत राहिले. अटेंडिंगनी दार उघडले आणि मी त्याच्या पँटवरूनच मांडीत इंजेक्शन दिले. तो ओरडला, त्याने पुढच्या आसनावर लाथ मारली, आणि मग वडिलांचा हात घट्ट धरून बसला. चार-पाच मिनिटांत त्याची नजर स्थिरावली. डोळे उघडे होते, पण त्या नजरेत पाहणे नव्हते. केटामीनने श्वास सहसा चालू राहतो हे खरे. परंतु लाळ वाढते, आणि लाळेचा थेंब स्वरयंत्रावर पडून ते आकसले की हवा आत जाणेच थांबते, म्हणून स्ट्रेचरवरून नेताना माझी बोटे सतत त्याच्या जबड्याखाली होती.

शस्त्रक्रियागृहात पोहोचताच शिरेत सुई लावली आणि पुढचे सगळे नेहमीच्या वाटेने झाले. दातांच्या कामात तोंड दंतवैद्याच्या ताब्यात असते, त्यामुळे श्वासाची नळी बहुधा नाकातून घालावी लागते. नाकपुड्यांत रक्तवाहिन्या आकसवणारे थेंब टाकून, कोमट सलाईनमध्ये मऊ केलेली नळी मी उजव्या नाकपुडीतून सरकवली, घशातले दृश्य दाखवणाऱ्या व्हिडिओ लॅरिंगोस्कोपच्या पडद्यावर तिचे टोक दिसताच मॅगिलच्या चिमट्याने ते स्वरतंतूंमधून पुढे वळवले आणि उच्छ्वास मोजणाऱ्या कॅपनोग्राफवर कार्बन डायऑक्साइडची चौकोनी लाट उमटलेली पाहून मगच हात मोकळा केला. घशात गॉज भरले, तसे मोठ्याने सांगितले आणि वेळ फळ्यावर लिहिली. हे गॉज विसरले तर नळी काढल्यावर तेच रुग्णाचा श्वास अडवते, म्हणून फळ्यावरची ती ओळ पुसण्याचा अधिकार ते काढणाऱ्यालाच असतो.

कित्येक वर्षांत प्रथमच त्याच्या सगळ्या दातांचे एक्स-रे निघाले. उजवीकडच्या खालच्या पहिल्या दाढेच्या मुळाशी पू झाला होता, आणखी बऱ्याच दातांना कीड होती. इथे खरा निर्णय होता. दाढ रूट कॅनाल करून वाचवता आली असती. मात्र पुढची टोपी, तपासण्या, बिघाड झाल्यास पुन्हा उपचार, यांतल्या प्रत्येकासाठी पुन्हा वाहनतळ, पुन्हा सुई. ज्याला खुर्चीत बसता येते त्याच्यासाठी जो उपचार उत्तम, तो याच्यासाठी उत्तम असेलच असे नाही. दंतशल्यविशारदांनी बाहेर थांबलेल्या आईवडिलांना फोन लावला आणि त्यांच्या संमतीने दाढ काढली. समोरच्या दातांत मात्र, दिसण्याचा विचार करून, सिमेंट भरले. भूल पूर्ण असूनही दाढेभोवती थोडे लिडोकेन हे बधिर करणारे औषध दिले, पण जबड्याची संपूर्ण बाजू दीर्घकाळ बधिर करणारे औषध मुद्दाम टाळले, कारण जाग आल्यावर बधिर ओठ चावून रक्तबंबाळ करून घेण्याचा धोका अशा रुग्णांत मोठा असतो. दुखण्यासाठी केटोरोलॅक आणि पॅरासिटामॉल शिरेतून दिले.

त्याच भुलेत इतरही कामे उरकली. त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मागितलेल्या तपासण्यांसाठी रक्त घेतले, राहिलेली लस दिली. सकाळी आईने संकोचत विचारले होते, "जमलं तर त्याची नखं कापाल का? जागेपणी तो हातच लावू देत नाही." मॉनिटरवर एक डोळा ठेवून मी पायांची नखे कापली, दोन बोटांची नखे मांसात रुतली होती आणि ती त्याला चालताना टोचत असणार.

जागे करताना अटेंडिंगचा आणि माझा थोडा मतभेद झाला. जाग आल्याबरोबर तो शिरेतली सुई उपसून रक्त उडवील, म्हणून ती आधीच काढावी असे मला वाटत होते. अटेंडिंग म्हणाले, "नळी काढल्यावर स्वरयंत्र आकसलं तर औषध कुठून देशील?" त्यांचा मुद्दा बिनतोड होता. गॉज काढून ओळ पुसली, घसा साफ केला, सुगामाडेक्सने स्नायूंची शिथिलता उलटवली, नळी काढली, आणि सुईवर पट्टी गुंडाळून वर मोज्याची बाही चढवून हात चादरीखाली ठेवला. खोलीतले दिवे मंद केले, मॉनिटरचा आवाज बारीक केला आणि वडिलांना त्याच्या उशाशी बसवले. तो नीट श्वास घेत, वडिलांना ओळखून उठू लागला तेव्हाच सुई निघाली, आणि ती कधी निघाली हे त्याला कळलेही नसावे.

पुढच्या आठवड्यात आईचा फोन आला. गालावर मारून घेणे बरेच कमी झाले होते आणि मानसोपचारतज्ज्ञ औषधे हळूहळू कमी करणार होते. पण आता गाडी आमच्या रस्त्याला वळली की तो दार उघडू पाहतो, असेही त्यांनी सांगितले. म्हणून त्याच्या नोंदीत औषधाचे प्रमाण, नळीचा आकार आणि नाकपुडी यांच्याखाली मी आणखी एक ओळ लिहिली: पुढच्या वेळी दुसऱ्या बाजूचे वाहनतळ, शक्यतो दुसरी गाडी, आणि वडील सोबत हवेतच.