आखर नकाशात कुठं बसवायचं?

सोमवार, १३ जानेवारी

सगळे झोपले एकदाचे. पोट्टे शाळेच्या दोन खोल्यांत, पोरी माझ्या काकूकडे. बावीस जण. नागपुरातून निघताना गाडीत गाणी चालली होती. मोठा रस्ता सोडून गावाकडे वळलो तशी ती खड्ड्यांनीच बंद पाडली.

नगर आणि प्रादेशिक नियोजन शिकणाऱ्या या मुलांना एक सत्र खेड्यावर काढावं लागतं. आठवडाभर गावात राहायचं, घरोघर प्रश्नावली भरायची, जमीन-वापराचा नकाशा करायचा आणि परत जाऊन प्रस्ताव मांडायचे. यंदा गाव निवडायचं काम माझ्यावर आलं. मी आर्वी तालुक्यातलं माझं माहेर सुचवलं. त्यात ध्येयबिय काही नव्हतं. शाळेच्या खोल्या फुकट मिळत होत्या आणि जेवण काकूच्या हातचं होतं.

ग्रामसेवकांनी सकाळीच गावठाणाचा ड्रोनने केलेला नकाशा दाखवला. २०२० च्या एप्रिलमध्ये सुरू झालेली ती स्वामित्व योजना. लोकांनी आपापल्या घराच्या हद्दी चुन्याने आखल्या आणि वरून ड्रोन फिरला. काकूची चुन्याची रेघ शेजारच्यांच्या रेघेवर चढली म्हणून दोन दिवस बोलणं बंद होतं म्हणे. मुलं मात्र खूश. आयता नकाशा हातात, आता फक्त रंग भरायचे.

रंग ठरलेले आहेत. राहती घरं पिवळी, दुकानं निळी, उद्योग जांभळा, शाळा-दवाखाने लाल, रस्ते राखाडी, करमणुकीच्या जागा हिरव्या. अकरा ते चार गटागटाने फिरून आले आणि शाळेच्या व्हरांड्यात भांडण लागलं. पुढं किराणा, मधे माणसं, मागं ढोरांचा कोठा, आणि सध्या माजघरात आढ्यापर्यंत कापूस. या घराला रंग कोणता? एकाने पिवळ्या-निळ्या पट्ट्या मारल्या. दुसरी म्हणाली, सरळ ‘मिश्र वापर’ लिहू. तिसऱ्याने विचारलं, कापूस विकला की मग काय? चैत्रात हा नकाशा चुकीचा ठरेल का? चांगला प्रश्न होता. मी चहा घ्यायला पाठवलं सगळ्यांना. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

गावाच्या उगवतीकडे त्यांनी एक मोठा तुकडा पांढरा सोडलाय. सूचीत ‘रिकामी जागा’. पेन्सिलीने प्रस्तावही लिहून ठेवलेत: खुली व्यायामशाळा, बहुउद्देशीय सभागृह.

ते आपलं आखर आहे, गावची ढोरं सकाळी जमतात ती जागा. सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. का मिटलं ते उद्या लिहीन, डोळे मिटायला लागलेत.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

आज प्रश्नावल्या. प्रत्येक घरी तिळगूळ, त्यामुळे गती मंद आणि पोटं जड. एका घरातल्या आजीने कुटुंबाचं मासिक उत्पन्न विचारणाऱ्या पोराला उलट विचारलं, “तुह्या बापाले किती भेटते, ते सांग आधी.” त्याने सांगितलं. मग तिनेही सांगितलं. प्रश्नावली भरायची ही रीत पुस्तकात यायला हरकत नाही.

दुपारी झाडाखाली बसून जनगणनेची व्याख्या काढली. सरकारने शहर म्हणून जाहीर केलेलं नसलं तरी वस्तीला शहर कधी धरायचं? लोकसंख्या किमान ५,०००, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात. एका मुलीने वाचता वाचता थांबून विचारलं, “मॅडम, फक्त पुरुष?” समोरून कापूस वेचायला गेलेल्या बाया ओट्या बांधून परत येत होत्या. हो, फक्त पुरुष. या बाया वेचणीला जावोत की न जावोत, गाव शहर ठरायला त्याने काही फरक पडत नाही. तिने वहीत काहीतरी जोरात खोडलं. मी बघितलं नाही काय ते.

मग केंद्रस्थानांचा सिद्धांत निघाला. वॉल्टर क्रिस्टालर, १९३३, दक्षिण जर्मनी, षट्कोन. मोठ्या गावाभोवती मध्यम गावं, त्यांच्याभोवती लहान. मुलांना तोंडपाठ असतो. मी म्हटलं, आमच्या गावाचं केंद्र कोणतं ते शोधा. तासाभराने गोंधळून आले. सोमवारी विचारलं तर एक गाव, गुरुवारी दुसरं, शनिवारी तिसरं. आठवडी बाजार फिरतो तसं केंद्र फिरतं. व्यापारी तेच, कांदे तेच, पालंही तीच, फक्त वार बदलतो. षट्कोनाला वार नसतो ना.

एस.टी.चंही तसंच. दिवसभर रस्त्यावर उभं राहून वाहनं मोजणाऱ्या गटाने ‘सार्वजनिक वाहतूक नाही’ असं लिहिलं. मुक्कामी गाडी अंधार पडल्यावर येते आणि उजाडायच्या आत जाते. तिचा ड्रायव्हर यांच्याच शेजारच्या खोलीत झोपतो. काल रात्री त्याच्या घोरण्याबद्दल तक्रार करत होते.

आता आखर. पदव्युत्तर प्रबंधासाठी मीच या गावाचा नकाशा केला होता. रंगीत पेन्सिलींनी, रात्र रात्र जागून. त्यातही उगवतीचा तो तुकडा पांढराच आहे. ‘मोकळी जमीन.’ आणि लहानपणी मी रोज सकाळी घमेलं घेऊन तिथं शेण वेचायला जात होते! गाय हलली की कुठं शेण पडेल याचा अंदाज बांधून आम्ही पोरी दबा धरून बसायचो. या मुलांना माहीत नव्हतं म्हणून त्यांनी पांढरं सोडलं. मला माहीत होतं, तरी सोडलं. रंगांच्या सूचीत त्याला चौकोन नव्हता आणि सूची माझ्या आठवणीपेक्षा खरी वाटत होती. गाईडनी पाठही थोपटली होती, नकाशा स्वच्छ आहे म्हणून.

बुधवार, १५ जानेवारी

गायकीकाका आले. गावची ढोरं चारायला नेणाऱ्याला आमच्याकडे गायकी म्हणतात. यांनी माझ्या आजोबांच्याही गाई नेल्यात. ढोरं तळ्यावर सोडून बिडी ओढायला शाळेकडे वळले होते. व्हरांड्यात पसरलेला नकाशा बघून वाकले.

“हे काय व्हय वं माय?”

“आपल्या गावचा नकाशा, काका.”

“मंग माह्यं घर कोणतं?” एका पोराने दाखवलं. पिवळं. काका खूश. “आन आखर?”

पोराने पांढऱ्यावर बोट ठेवलं. “इथं तं काईच नाई लिहिलं.”

“ती जागा रिकामी आहे ना काका, म्हणून.”

“तू किती वाजता गेल्ता पाह्यले?”

“अकराला.”

“अकरा वाजता तं माह्या घरीबी कोणी नसते. मंग तेबी रिकामं लिव ना.”

कोणी हसलं नाही. मग काका खालीच बसले आणि बोटांवर मोजायला लागले. सकाळी गावची ढोरं जमतात, ज्याची गाय व्याली त्याची चौकशी तिथंच होते. दुपारी पोट्टे क्रिकेट खेळतात. पोळ्याचं तोरण तिथंच बांधतात, तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी बैल घेऊन तिथंच येतात. दिवाळीत गायगोधन. तूर निघाली की ज्यांना वावरात खळं करता येत नाही त्यांचं खळं. उन्हाळ्यात लग्नाचे मांडव. पूर्वी दंडारही व्हायची, आमच्याकडचं लोकनाट्य. “आन मयत झाली की विसावा तिथंच असते,” हे शेवटचं सांगून उठले. बिडी तशीच विझली होती.

सभागृहवाल्या गटाने पेन्सिलीचं खोडरबर शोधायला सुरुवात केली. मी म्हटलं, राहू द्या ते, खोडू नका. नंतर कामाला येईल.

तलाठ्यांकडे फोन करून विचारलं, निस्तार पत्रक बघायला मिळेल का. ते जरा चमकले, सध्या कोणी मागत नाही म्हणाले. हा आमच्या जुन्या मध्य प्रांतातला वारसा. गावातली जी जमीन कोणाच्या कब्जात नाही, तिथं चराई कशी, लाकूडफाटा कसा, याची व्यवस्था त्यात लिहिलेली असते. वाजिब-उल-अर्जमध्ये वाटेचे, पाण्याचे, मासेमारीचे रिवाज. जमीन महसूल संहितेत कलम १६१ आणि १६५. संहिता १९६६ ची, आणि ज्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमावर आमचं सगळं शिक्षण उभं आहे तोही १९६६ चाच. एक कायदा आम्ही दोन सत्रं घोकून घेतो. दुसऱ्यातल्या या दोन कलमांचं नावही कोणी काढत नाही. मला स्वतःला ती नोकरीत कळली, एका चराईच्या वादात तोंडघशी पडल्यावर.

पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश नगररचनाकार हे सगळं शंभर वर्षांपूर्वी सांगून गेला. १९१४ मध्ये भारतात आला, गल्लीबोळांतून पायी हिंडला, १९१९ पासून मुंबई विद्यापीठात शिकवलं. आधी निदान, मग उपचार. आमच्याकडे तो पाच मार्कांच्या टिपेत येतो, ‘सविस्तर लिहा’ असंही नाही.

संध्याकाळी मुलांनी आपणहून बैठक घेतली. एका नकाशाऐवजी ट्रेसिंग कागदाचे थर करायचे ठरलं: पहाटेचा, अकराचा, संध्याकाळचा, बाजाराच्या दिवसाचा. शिवाय महिन्यांचे थर, म्हाताऱ्यांना विचारून. आषाढात नाल्याचं पाणी कुठवर येतं ते काकू दाखवणार आहे. मारुतीच्या देवळाची दुसरी पायरी. यांचा प्रस्तावित रस्ता त्या पायरीच्या खालून जातो.

एक जण मात्र हटून बसला आणि तो चुकीचा नाही. “मॅडम, नगररचना अधिनियमाच्या कलम २५ मध्ये विद्यमान जमीन-वापराचा एक नकाशा सांगितलाय. बाहेरचे परीक्षक विचारतील, अंतिम कोणता? आम्ही बारा कागद पुढं करायचे?” आमच्या गुणपत्रिकेत मांडणीला ४० गुण, अहवालाला ४०, गावात केलेल्या कामाला २०. त्या वीसात हजेरीही आली. ट्रेसिंगचे थर फोटोत नीट दिसत नाहीत, पडद्यावर तर नाहीच. मी त्याला म्हटलं, अंतिम नकाशा एकच दे, पण त्याखाली वेळ आणि महिना लिही. त्याने विचारलं, आखराला रंग कोणता देऊ? मी म्हटलं, सकाळी बघून ठरव.

परीक्षकांशी मलाच भांडावं लागणार, दिसतंय.

उद्या साडेसहाला सगळ्यांना उठवायचंय. काकू चहाचं पातेलं रात्रीच घासून ठेवतेय. गायकीकाकांचा निरोप आलाय की या खुशाल, पण लाल कपडे घालू नका, आणि सरपंचाच्या कारी गाईपासून लांब उभे राहा, ती नव्या माणसाला मारते.