मँटिसची (प्रार्थना कीटकाची) पिल्लं: नर की मादी, हे पाठीवरून कळत नाही

"बारीक तो नर, जाड ती मादी" असं मला तिघांनी सांगितलं आणि माझे तीन आठवडे त्यातच गेले. म्हणून आधी तेच खोडून काढतो. पिल्लू बारीक दिसतं की जाड, हे त्यानं काल किती खाल्लं यावर असतं. माझ्याकडचं सगळ्यात फुगलेलं पिल्लू शेवटी नर निघालं.

आमच्या नागपुरातल्या गच्चीवर कढीपत्त्याला चिकटलेल्या अंड्यांच्या पिशवीतून श्रावणात पिल्लं निघाली. सहा ठेवली, बाकीची झाडावरच राहू दिली. डबे सहा, कारण एकत्र ठेवली की ती एकमेकांना खातात. केळ्याच्या सालीवरची चिलटं खाऊन छान वाढली.

अडलो ते मोजण्यात. पोटाखालच्या पट्ट्या मोजायच्या: मादीच्या सहा, नराच्या आठ. मी रोज पाठीवरून मोजत होतो आणि तिथे नर-मादीत काही फरकच नसतो! हे उमगल्यावर पोटाखाली बघू लागलो, तर प्रत्येक वेळी सात. कधी मागच्या पायांच्या मुळाशी असलेली पहिली पट्टी सुटायची, कधी टोकाच्या दोन एकच वाटायच्या. इतवारीतून सराफ वापरतात तसं भिंग आणलं, तरी सात. पिल्लू हातात धरून बघायचा मोह आवरा, पाय तुटतो. "अरे, जरा राहू दे त्याला," आई रोज म्हणायची.

शेवटी आकडा सोडला आणि फक्त टोक बघितलं. मादीची शेवटची पट्टी मोठी, रुंद. नराच्या टोकाला लहान लहान पट्ट्यांची दाटी. पिल्लू पारदर्शक झाकणावर चढलं की मोबाइलनं पोटाचा फोटो काढायचा आणि मोठा करून बघायचा. तिसऱ्या कातेपर्यंत माझ्या फोटोत काही कळलं नाही. पाचव्या कातेनंतर एका नजरेत कळलं. इतका आनंद झाला की सहाही डब्यांवर लगेच चिठ्ठ्या लावल्या: चार नर, दोन माद्या.

हो, खाणं बंद केलेलं पिल्लू फोटोसाठी हलवू नका. ते कात टाकायच्या बेतात असतं, पडलं तर वाकडं होतं.

जोडी लावायची असेल तर हे वेळेत कळायला हवं. नर आधी मोठे होतात. म्हणून त्यांची वाढ जरा मंदावावी यासाठी मी नरांचे डबे गार खोलीत ठेवले, खाणं थोडं कमी केलं. माद्यांना उबेची जागा आणि रोज माशी. आता माद्यांची शेवटची कात बाकी आहे.