हँडल उडालं

मंगळवारी दुपारी चिमट्यातून गाडीचं हँडल उडालं. मागच्या डाव्या दाराचं, जेमतेम पाच मिलिमीटर. उडताना एकदा चमकलं, कपाटाच्या बाजूने 'टिक्' असा आवाज आला, आणि संपलं. आमच्याकडे मोझॅइकची फरशी आहे. काळे, पांढरे, तांबूस, करडे ठिपके. ज्यांच्या घरी ती आहे त्यांना पुढचं सांगायला नको. या फरशीने आजवर माझे दोन वायपर, एक साइड मिरर आणि चष्म्याचा स्क्रू गिळलाय. ढेकर दिलेली नाही.

बाहेर पाऊस होता. आपला नाशिकचा, धड कोसळत नाही आणि धड थांबत नाही, तो. मी पालथा पडून मोबाइलचा टॉर्च जमिनीला टेकवला. उजेड असा आडवा सोडला की बारीकशा कणाचीही लांब सावली पडते. वस्तू दिसत नाही तिथे सावली दिसते. या युक्तीने मला त्या दुपारी तीन तांदूळ, एक टिकली आणि पुष्कळ केस सापडले.

"अहो, चारला मावशी येतील केर काढायला," ही दारातून म्हणाली.

"आज नको म्हण त्यांना."

"गेल्या मंगळवारीही नकोच म्हटलं होतं."

तर, मी प्रीमियर पद्मिनी या जुन्या मोटारीचं छोटं मॉडेल करतोय. १:२४ या मापाचं. म्हणजे खऱ्या गाडीचे २४ मिलिमीटर माझ्याकडे एक मिलिमीटर. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर खऱ्या पद्मिनीत २,३४० मिलिमीटर, माझ्याकडे साडेसत्त्याण्णव. ३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी कायमची गेली, त्याच्या बातम्या पाहता पाहता मला हा झटका आला. बाजारात जपानी, जर्मन, अमेरिकन गाड्यांची किटं मिळतात, पण पद्मिनीचं किट मला काही मिळालं नाही. मग घरीच करायची ठरलं. शेजारचे एक जण सातपूरला महिंद्रात होते. ते अधूनमधून येतात, गाडीकडे बघतात आणि म्हणतात, "दोन वर्षं झाली ना? आमच्याकडे एका शिफ्टमध्ये किती निघायच्या माहितीये का?" मी चहा टाकायला सांगतो.

मापाची एक गंमत आहे. खरी पद्मिनी नऊशे किलोच्या आसपास. लांबी, रुंदी, उंची तिन्ही चोविसाने भागल्या, की वजनाला १३,८२४ने भागावं लागतं. उत्तर येतं पासष्ट ग्रॅम. एका बटाटेवड्याएवढं. सगळं असं गुमान लहान होतं, धूळ तेवढी होत नाही. रंगात अडकलेला अर्ध्या मिलिमीटरचा कण त्या गाडीच्या हिशेबाने बारा मिलिमीटरची खडी असते. म्हणून रंग दिल्या दिल्या गाडीवर कणकेचा डबा उपडा घालतो. पोळ्यांचं पीठ तेव्हा पातेल्यात असतं. त्यावर आमच्या घरात काय बोललं जातं ते इथे लिहीत नाही.

आडवा पडल्या पडल्या मला आमच्या वाड्यातली फरशी आठवली. शहाबादी होती. जुन्या नाशकात, तिवंध्याच्या बाजूला. तांबट लेनमधली ठोक-ठोक दुपारभर ऐकू यायची, आणि ती थांबली की पाच वाजले असं आम्ही धरायचो. त्या फरशांच्या सांध्यांमधून आमचे ट्रक धावायचे. काडेपेटीची केबिन, तिच्याहून मोठ्या खोक्याचा हौदा, झाडूच्या काडीचा आस. चाकं तुटलेल्या स्लीपरच्या रबराची. ती गोल कापणं ही खरी विद्या. ब्लेडने कापली की आठकोनी व्हायची आणि ट्रक लंगडायचा. एका थोरल्या पोराने पेनाचं टोपण चुलीवर तापवून रबरात दाबायला शिकवलं. चाक गोल निघालं, टोपणाचं काय झालं ते विचारू नका.

बंपरला चांदी. सिगरेटच्या पाकिटातली. तिला मागून कागद चिकटलेला असायचा. तो पाण्यात भिजवून करंगळीने सोडवायचा, मग उरायचा तो पापुद्रा श्वासानेही हलायचा. तो चिकटवून नखाने घासला की काडेपेटीला क्रोम चढायचा. आता याच कामासाठी परदेशातून गोंद लावलेला ॲल्युमिनियमचा तलम वर्ख येतो. एका पानाची किंमत बघून मी दोनदा डोळे पुसले. वर्ख चांगलाच आहे, खिडकीच्या कडेवर दातकोरणीने दाबला की घडीत जाऊन बसतो. पण मागवताना दर वेळी वाटतं, कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारावं.

काडेपेटीवरून आठवलं. इंग्लंडमधल्या जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत म्हणे काडेपेटीत मावेल एवढंच खेळणं आणायची परवानगी होती. त्यांनी तिला पितळेचा इवलासा रोडरोलर करून दिला आणि त्यातून मॅचबॉक्स गाड्या निघाल्या. आमच्या शाळेत खेळणं आणायलाच बंदी होती. म्हणून बहुधा नाशकात तसा कारखाना निघाला नाही.

माझ्या पद्मिनीचा साचा लाकडाचा. सुताराकडचा तुकडा आणून कानशीने घासला, त्यावर गरम करून मऊ केलेला प्लॅस्टिकचा पत्रा ताणून बसवला. चार पत्रे फाटले, पाचवा बसला. मग कडा, मग मागचे ते पंखासारखे दोन शेंडे, मग लांबी. मराठी रंगाऱ्याची लांबी, म्हणजे पुट्टी. भरा, वाळू द्या, घासा, पुन्हा भरा. टप मला कधी सपाट वाटेचना. शेवटी सारडा सर्कलच्या बाजूला एका गॅरेजात गेलो. खऱ्या गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारे तिथले चाचा. मी पिशवीतून एवढीशी गाडी काढली तेव्हा पोरं हसली. चाचा हसले नाहीत. त्यांनी ती तळहातावर घेतली, डोळे मिटले, टपावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "साहेब, इथं खड्डा हाय. नजरेला नाही सापडायचा." मग काळ्या रंगाचा हलका फवारा मारायला सांगितलं. वॉटर पेपरने घासत गेलं की उंच भाग उजळतो आणि खड्ड्यात काळं राहतं. घरी येऊन केलं. अंगठ्याखाली होता तिथेच, नखाएवढा काळा डाग राहिला.

चिकटवायचं वेगळंच प्रकरण. पॉलिस्टायरीनला, म्हणजे या प्लॅस्टिकला, गोंद लागत नाही, द्रव लागतो. दोन तुकडे जोडून धरायचे आणि फटीला ब्रश नुसता टेकवायचा. द्रव आपोआप आत ओढला जातो, दोन्हीकडचं प्लॅस्टिक विरघळवतो आणि उडून जातो. चिकटत नाहीत, एकजीव होतात. काचेला मात्र हा चालत नाही, आणि फेविक्विक तर मुळीच नाही. मी घाईत पुढची काच फेविक्विकने लावली. सकाळी बघतो तर काचेवर पांढरं धुकं आणि धुक्यात माझ्या उजव्या अंगठ्याचा ठसा, रेघनरेघ मोजता येईल असा. त्या वाफेने ठसे उमटतात. पोलीस तेच वापरतात. चोरी न करता पुरावा दिला. दुसरी काच साध्या फेविकॉलने लावली. वाळल्यावर पारदर्शक होतो बिचारा, बोभाटा करत नाही.

इंजिन पूर्ण केलंय. १,०८९ सीसी, चार सिलिंडर. जुन्या टेलिफोनच्या केबलमधली तार सोलून प्लगच्या चार वायरी केल्या, डिस्ट्रिब्युटरला जोडल्या. फायरिंग ऑर्डर, म्हणजे ठिणग्या पडायचा क्रम, बरोबर आहे. मग बॉनेट कायमचं चिकटवून टाकलं, कारण बिजागरी काही जमेना. ही म्हणाली, मग आत साबण भरला असता तरी चाललं असतं. चाललं असतं, तेही खरंच.

हे सगळं झालं, अडलं ते रंगावर. रंग मारणं नव्हे, तेही अडतंच. पावसाळ्यात फवारा मारला की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि रंगाला दुधी झाक येते. ते थांबता येतं, ऊन पडलं की उरकता येतं. पण आमच्या गाडीचा रंग होता कोणता?

मी म्हणतो पिस्ता. ताई म्हणते बदामी, शपथेवर. आईला विचारलं तर ती म्हणाली, "पांढरीच की रे, मळलेली." त्या गाडीत आम्ही कसारा घाटात किती वेळा रेडिएटर गार व्हायची वाट बघत दगडांवर बसलो, सीटचं रेक्झिन उन्हात मांड्यांना कसं चिकटायचं, स्टिअरिंगजवळचा गिअर टाकताना बाबांचा खांदा कसा वर जायचा, हे तिघांनाही सारखंच आठवतं. रंग आला की तीन गाड्या.

मग आल्बम काढला. नवी अडचण. घरातल्या माणसांना गाडीसमोर उभं राहून फोटो काढायची हौस होती, आणि उभं कुठे राहायचं याची अक्कल नव्हती. ग्रिलसमोर आत्या. डाव्या हेडलाइटवर ताईच्या परकराचा घेर. वणीच्या फोटोत अख्खं मडगार्ड काकांच्या धोतराआड. मी भिंग घेऊन माझ्याच नातेवाइकांना 'जरा सरका' म्हणत होतो. मात्र आत्याचा एक उपयोग झाला. तिची उंची कळली की तिच्या हिशेबाने बंपर जमिनीपासून किती वर ते काढता येतं. फोन लावला.

"आत्या, तुझी उंची किती गं?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "तेव्हाची सांगू की आत्ताची?"

तेव्हाची पाच फूट एक.

एकाच फोटोत गाडी पूर्ण दिसते, मधे कोणी नाही. त्र्यंबक रोडवर कुठेतरी, संध्याकाळची तिरपी उन्हं. फोटो पिवळा पडलाय, त्यामुळे टपाचा रंग बदामी म्हणा, पिस्ता म्हणा, काहीही म्हणा. भिंग लावून मी दारांवर आलो. मागच्या डाव्या दारावर एक काळसर आकार आहे. आधी मला डेंट वाटला. मग दोन्ही बाजूंना बाहेर आलेले कोपर दिसले, वर डोकं. कॅमेरा डोळ्याला लावून उभ्या असलेल्या माणसाची सावली.

आल्बम पुन्हा पहिल्यापासून बघितला. गाडीबरोबर आम्ही सगळे आहोत, अगदी शेजारचा कुत्राही आहे. बाबा कुठेच नाहीत. हाच एक फोटो, आणि त्यातही दारावर पडलेले.

मावशी चारला आल्या. मी त्यांना केर काढू दिला. हँडल काही सापडलं नाही, स्टेपलरच्या पिनेचं दुसरं वाकवता येईल. दार मी अजून रंगवलेलं नाही.